संजीवनीची पायमशीन

संजीवनी गेली त्याला वर्ष झालं, तेव्हा सापगावच्या काळूरामने तिची पायमशीन एका संस्थेला देऊन टाकली. भातसानगरला धरणावर नोकरी करून तो निवृत्त झाला होता. बायकोने निम्म्या गावाच्या चोळ्या-झबली ज्या मशीनवर शिवली, ती घरात गंजत ठेवायला त्याचा जीव होईना. शेणव्याच्या पाड्यावर मुलींना शिवण शिकवतो, असं संस्थेच्या रंगीत पत्रकात छापलं होतं. छापलेलं खोटं कसं असेल?

संस्थेने कृतज्ञता भरभरून दाखवली. आधी आभाराचं पत्र आलं, मग आणखी काही देता येईल का असं विचारणारं. काळूरामने मात्र 'मशीन बघायला कधी येऊ' म्हणून तीनदा लिहिलं, त्याचं उत्तर तेवढं टपालात कुठेतरी अडकत राहिलं.

१९९८ साली शहापुरात संस्थेने दात्यांचा सत्कार ठेवला. मंचावर झेंडूची माळ घातलेली मशीन होती आणि तिच्यापुढे राही नावाची शेणव्याची पोर बसवलेली. सचिवसाहेबांनी काळूरामला शाल दिली, नारळ दिला आणि खांद्याला धरून त्याचं तोंड फोटोवाल्याकडे वळवून दिलं.

"हसा," ते म्हणाले.

काळूराम मशीनकडे बघत होता. राही मन लावून पाय हलवत होती आणि वरचं चाक ढिम्म. मशीनला पट्टाच नव्हता.

तो वाकला. "बाय, किती दिस शिकतेस गो?"

"आजच आनलं आमाला. नुसता पाय हलव बोलले."

"आन् शिवनाचा क्लास?"

"कुठला क्लास?" राहीने विचारलं.

सचिवसाहेब लगबगीने मधे आले. "प्रक्रिया सुरू आहे, काळूरामभाऊ. दात्याने विश्वास ठेवायचा असतो."

"ठेवला ना साहेब, दोन वर्सं," काळूराम म्हणाला. "आता मशीन घेऊन जातो."

शालीची नीट घडी करून त्याने ती खुर्चीवर ठेवली आणि मंडपवाल्याच्या टेम्पोत मशीन चढवली. समोर तीनशे माणसं बसलेली, त्यामुळे सचिवसाहेबांना हसतच राहावं लागलं.

काळूरामने बाजारातून पट्टा आणला आणि शेणव्याला राहीकडे निरोप धाडला. शेजारची अनिता त्याच्या पडवीत शिकवायला बसली. राही दोन मैत्रिणींना घेऊन एसटीने येऊ लागली. महिन्याभराने तिने पहिलं झबलं शिवलं, एक बाही लांब, एक आखूड. काळूरामने ते हातात घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं पडवीतल्या खिळ्याला अडकवलं.

गावातल्या लोकांनी संस्थेच्या पावत्या फाडणं सोडलं. दोरे आणि कापड थेट पडवीत येऊ लागलं.

मग एक दिवस सचिवसाहेब मुंबईचे पाहुणे आणि फोटोवाला घेऊन दारात उतरले. "ही आमची सापगाव शाखा," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

काळूरामने सगळ्यांना पाणी दिलं. "शाखाबिखा काय नाय," तो पाहुण्यांना म्हणाला, "माझं घर हाय हे."

फोटोवाल्याने राहीला वर बघायला सांगितलं. तिने मान उचलली नाही. तिला बाही जोडायची होती.