हिरडीवरची मिश्री

"हे काळं काय आहे?" डॉक्टरनं विचारलं.

सृष्टी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, तोंडावर दिवा. चौदा वर्षांची माझी नात. वरच्या दातांना तार, खालच्या दातांना तार, जसा काही द्राक्षाच्या बागेला मांडव घातलाय. तारेभोवती हिरड्या जांभळ्या होऊन टम्म सुजल्या होत्या. डॉक्टरनं बारीक सळई नुसती टेकवली तरी रक्त यायचं.

हा डॉक्टर उत्कर्ष. मिशी अजून धड फुटली नाही, पण तोरा तहसीलदाराचा. महिन्यातून एकदा उमरग्याला येतो आणि आमच्या मुरुमची शहाणीसुरती माणसं एसटीनं जाऊन त्याच्यापुढं आ करून पडतात.

"घासत नाहीस का?"

"घासते."

"खोटं बोलू नकोस. तारेखाली आठ दिवसांचं अन्न अडकलंय. आणि याला तंबाखूचा वास येतोय."

माझी सून भैरवी माझ्याकडं बघायला लागली. धाराशिवची, बीएड झालेली. ही बोलत काही नाही, नुसती बघते. तोंडानं भांडणारी सून परवडली, त्या बघण्याला उत्तर देता येत नाही.

"ब्रश बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टर सृष्टीवर वाकला.

पोर छताकडं बघत राहिली. "कुणी नाही."

माझ्यासाठी चौदा वर्षांच्या पोरीनं खोटं बोलावं, इतकी गेलेली नाही मी.

"म्या सांगितलं," मी म्हणाले. "घासलं की रगात येतंय, मग घासायचं कशाला? आन् मिश्री बी म्याच लावली, बोटानं, रोज सकाळी. माझी आई लावायची, म्या पन्नास वर्षं लावते. हिरडी कशी दगडावाणी हाय माझी."

"आजी, मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू."

"मला म्हाईत न्हाय व्हय? तव्यावर म्याच जाळते."

त्यानं सळई खाली ठेवली. "घासणं बंद केलं म्हणूनच रक्त वाढलं. तारेत अन्न अडकतं, त्याचा थर बसतो, हिरडी सुजते. जिथं रक्त येतं तिथंच घासायचं, हलक्या हातानं. पंधरा दिवस देतो. हिरड्या अशाच राहिल्या तर मी तार काढून टाकणार. दात सरळ करून काय करू, त्याला धरायला हिरडीच नसली तर?"

सृष्टीच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत गेलं. पोर शाळेत हसताना तोंडावर हात धरायची. तार लागली त्या दिवशी आरशापुढून हलली नव्हती.

"आता तुम्हीही आ करा, आजी. बघू तो दगड."

मी पदर तोंडाला लावला. "माझं ऱ्हाऊ द्या. पोरीचं बघा."

मुरुमात माझ्या पदराचा मोठा लौकिक आहे. बोलताना तोंडावर पदर, हसताना तोंडावर पदर. बायका आपल्या सुनांना सांगतात, बघा, तारामतीबाईंची मर्यादा बघा. मर्यादा कसली डोंबलाची! माझे वरचे दोन दात ओठाबाहेर येतात. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही, काही विचारलं तर मान हलवायची. मान हलवून माझं लग्न झालं. पुढं नवऱ्याला, बंडप्पांना, कळायचं ते कळलंच, पण तोवर पदर हाताला चिकटला होता. बंडप्पांनी एकदाच विचारलं, "तुला हसू येत न्हाय का गं?"

"हसण्यासारखं काय केलंय तुमी?" मी म्हणाले.

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. आता तेही नाहीत.

सृष्टीचे दुधाचे दात पडून पुढचे दोन बाहेर आले, तेव्हा मी चारचौघींत सांगितलं, हे वळण भैरवीच्या माहेरचं, आमच्या घराण्यात असले दात नाहीत. सात वर्षं सांगत आले. भैरवीनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मी त्याला गुर्मी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सृष्टीला बेसिनपुढं उभं केलं.

"अव्वा, तुला येतंय का यातलं?" आजीला ती अव्वा म्हणते.

"त्या पोरसवदा डॉक्टरला येतंय, मला येणार न्हाय? ब्रश तिरका धर. अर्धा दातावर, अर्धा हिरडीवर. कढई घासतीस का? तान्ह्या लेकराला न्हाऊ घालतात तसा हात चालव."

बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसावं अशी एक काडीही डॉक्टरनं दिली होती. भैरवीनं तिचं इंग्रजी नाव मला दोनदा सांगितलं. मी काडीच म्हणते. ती तारेखालून घालायची आणि एकेका दाताच्या फटीतून फिरवायची.

"किती वेळ घासू?"

"माझी भाकरी तव्यावरून उतरंपर्यंत."

पहिल्या दिवशी बेसिन लाल झालं. "थांबू?" पोरीनं विचारलं. "थांबायचं न्हाय," मी म्हणाले आणि तव्यावरची भाकरी करपली. माझ्या हातची भाकरी कधी करपत नाही.

तीळ लावलेली माझी कडक भाकरी पाहुणे पुण्याला बांधून नेतात. ती बंद झाली, कारण तीळ तारेत बसतो. शेंगाची चटणी बंद झाली. मऊ भाकरी आमटीत कुस्करून मी तिला वाढायला लागले, जशी काही घरात म्हातारी मी नसून तीच आहे. शाळेतून आली की पुन्हा घासणं, जेवली की पुन्हा घासणं.

चौथ्या दिवशी ती ब्रश हातात धरून उभी राहिली.

"अव्वा, तू मागं उभी राहिलीस की मिश्रीचा वास येतोय. तू सोड. न्हाय तर मी घासत न्हाय."

"मला सांगतीस?"

"व्हय."

माझा मुलगा मल्लिनाथ खुर्चीतून हसला. "आई, आता सापडलीस बघ."

"तू गप. तुझ्या तोंडातलं गुटख्याचं गटार बघ आधी."

तो गप झाला, पण पोर हलेना. मी मिश्रीचा डबा आणला आणि तिच्यादेखत मोरीत उपडा केला. पुढं चार दिवस डोकं ठणकलं. दिसेल त्याला शिव्या दिल्या. नेहमीपेक्षा जास्त दिल्या, हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दहाव्या दिवशी सृष्टी बेसिनमध्ये थुंकली आणि ओरडली, "अव्वा, पांढरं!"

"मग? पांढरंच असतंय," मी म्हणाले आणि भाकरी उलटली.

पंधराव्या दिवशी पुन्हा उमरगा. डॉक्टरनं सळई एकेका दाताच्या कडेनं फिरवली. एक थेंब आला नाही. हिरड्या गुलाबी, दातांना घट्ट बसलेल्या.

"तार राहू दे. कुणी करून घेतलं हे?"

"अव्वानं."

"मग आता तुम्ही आ करा, आजी."

मी पदर चाचपला. सृष्टी खुर्चीवरून उतरली होती आणि रुमालानं खुर्ची झटकत होती.

"बस की. दुखत न्हाय काय," ती म्हणाली आणि हसली. तो सगळा मांडव उन्हात चमकावा तसा चमकला. हात तोंडाकडं गेला नाही.

मी बसले. खुर्ची मागं झुकली, पदर हातातून सुटला, दिवा तोंडावर आला. मी आ केला.

डॉक्टरनं दिवा आणखी जवळ ओढला. मग सळईचा हलका धक्का लागला. "आजी, दगड हलतोय. हिरडी पार मागं सरलीय. पुढचे दोन काही राहायचे नाहीत."

सृष्टी माझ्यावर वाकली. काळे पडलेले, पुढं आलेले ते दोन दात तिनं जवळून बघितले.

"अव्वा," ती म्हणाली, "हे तर माझेच दात."

दाराजवळ भैरवी उभी होती. सात वर्षांचं आज बोलेल, म्हणून मी वाट बघत राहिले. तोंडात सळई होती, मला काही म्हणता येत नव्हतं.

भैरवी पुढं आली. माझा पदर फरशीवर लोळत होता. तिनं तो उचलला, झटकला आणि घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.