फुगलेल्या रबराचं माप

मी इंजिन बोलतोय, आणि रागात बोलतोय, तेव्हा मध्ये बोलू नका. मोटारीचं किंवा बोटीचं इंजिन नव्हे. घरी बनवलेल्या छोट्या विमानाच्या नाकावर बसतो, तो मी. तुमच्या मुठीत मावतो. मला पाहिलं की लोक आधी म्हणतात, "कित्ती गोड!" आणि मग विचारतात, "हे खरंच चालतं?" गोड म्हणे! मिनिटाला दहा हजार फेरे मारायचो मी. माझ्या पंख्यात एकदा बोट घाला, म्हणजे गोड म्हणताना दाखवायला बोट उरणार नाही.

माझा जन्म एका छोट्याशा कारखान्यात झाला. सगळे मिळून बारा कारागीर. माझा पिस्टन सिलिंडरमध्ये बसवणारी बाई मापाच्या पट्टीला हातही लावायची नाही. डोळे मिटायची, पिस्टन वरखाली सरकवायची आणि बोटांना पटलं तरच मला पुढच्या टेबलावर द्यायची. सहा वेळा तिनं मला परत पाठवलं. सातव्यांदा म्हणाली, "हा जाऊ दे." आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मला ठिणगी लागत नाही, दाब लागतो. माझ्या डोक्यावर एक स्क्रू आहे. तो पिळला की आतली छोटी टोपी खाली सरकते, हवा जास्त दाबली जाते आणि इंधन पेट घेतं. त्या टोपीभोवती एक खाच आहे आणि खाचेत रबराचं एक बारीक कडं, तेच माझं सील. ते घट्ट बसलं तर मी इंजिन, नाहीतर मी कागदावर ठेवायचं वजन. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी रडकथा त्या कड्याची आहे.

ज्यांनी मला विकत आणलं त्यांना घरात सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. बाबा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची तोंडं त्यांना पाहून एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. मी खरोखरच एरंडेल पितो, रॉकेल आणि ईथरमध्ये मिसळून, त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमलं. दर रविवारी मोकळ्या मैदानावर बाबा मधोमध उभे राहायचे, हातात दोन बारीक तारा, आणि तारांच्या टोकाला विमान घेऊन मी त्यांच्याभोवती गरागरा फिरायचो. सुरुवातीला शेपूट धरून विमान सोडायची ती त्यांची मुलगी. तिचा हात कधी हलला नाही.

ती तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. एका रविवारी मी सुरू होईना. बाबांनी वीस वेळा बोटानं पंखा मारला, बोट सोलवटून घेतलं. अशी विमानं उडवणाऱ्या क्लबातले चार मित्र गोलात उभे. बाबा घाम पुसायला पिशवीतला रुमाल आणायला गेले, तेवढ्यात मुलीनं माझ्या डोक्यावरचा स्क्रू पाव फेरा सैल केला आणि एकदाच पंखा मारला. मी सुरू! मित्रांनी टाळ्या पिटल्या. त्यांच्यातला मोठ्या मिशांचा एक ओरडला, "निरीक्षकसाहेब, तुमची बदली झाली हो!"

बाबाही हसले. मैदानावर हसले. घरी आल्यावर मुलीला म्हणाले, "बोट तुटलं असतं म्हणजे? परत हात लावायचा नाही." मग त्यांनी मला पुसलं, फडक्यात गुंडाळलं, पत्र्याच्या डब्यात घातलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. बायकोनं विचारलं तर म्हणाले, "आता सुटे भाग मिळत नाहीत. जपायला हवं."

बावीस वर्षं जपलं!

या एका शब्दानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वस्तू वापरायची लाज वाटली, भीती वाटली, राग आला की तुम्ही माणसं ती जपता. पाहुण्यांना डबा उघडून दाखवता, "आम्ही फार जपलंय हो." अहो, जपलं नाही, कोंडलं! अंधारात माझ्यातलं एरंडेल सुकून डिंक झालं. पिस्टन जागच्या जागी चिकटला. रबराचं कडं तेल पीत पीत फुगलं, चपटं झालं, कडेला चिरलं. रोज चाललो असतो तर झिजलो असतो. तसं झिजणं मला हजारदा चाललं असतं.

गेल्या वर्षी क्लबच्या जुन्या मंडळींनी ठरवलं की सगळ्यांनी आपापली जुनी इंजिनं घेऊन मैदानावर यायचं आणि ती चालवून दाखवायची. नुसती मांडायची नाहीत. मिशाळ मित्राचा फोन आला आणि बाबांनी मला खाली काढलं. चार दिवस रॉकेलात भिजवलं, पिस्टन मोकळा केला. मीही मनातल्या मनात सगळं माफ करायला निघालो होतो. मग त्यांनी टोपी बाहेर काढली आणि ते कडं पाहिलं.

इथून त्यांचा शहाणपणा सुरू झाला. बाबांनी व्हर्नियर काढलं, त्या कड्याची जाडी अकरा वेळा मोजली आणि वहीत सरासरी लिहिली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. ते माप घेऊन तीन दुकानं फिरले. परदेशातल्या अनोळखी माणसांना पत्रं धाडली. एका सद्‌गृहस्थानं पाकिटातून सहा कडी पाठवली, अगदी वहीतल्या मापाची. बाबा पहिलं कडं बसवायला गेले आणि ते सिलिंडरच्या कडेवर कापलं गेलं. दुसरं कापलं गेलं. सहाच्या सहा गेली. "हल्ली मालच हलका येतो," बाबा म्हणाले.

हलका माल नव्हे हो! बावीस वर्षं तेल पिऊन फुगलेल्या रबराचं माप तुम्ही घेतलंत! आयुष्यभर दुसऱ्यांची मापं खोटी ठरवणारा माणूस, आणि फुगलंय हे दिसत असून त्याच्यावर विश्वास ठेवतो. मला तोंड असतं तर त्या दिवशी सगळी इमारत गोळा केली असती.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. नळाचा वायसर कातरून माझ्या डोक्यात कोंबला. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. शेवटी कुणाच्या तरी सल्ल्यानं न्हाणीघराच्या फरशीत भरायची पांढरी पेस्ट लावली. ती इंधनात विरघळली आणि माझ्या नळीत जाऊन बसली. माझा घसा धरला होता, महाराज, न्हाणीघराच्या पेस्टनं!

आणि हे सगळं कुठे चाललं होतं? दुसऱ्या मजल्यावर. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर बाबांच्या मुलीचं वर्कशॉप आहे आणि तिथे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सीलंच बनवते. पाण्याच्या पंपांची, दूध डेअरीच्या यंत्रांची, रंगाच्या कारखान्याची. लांबलांबून मेकॅनिक येतात आणि तिच्या दारात रांग लावतात. दोन जिने उतरायचे होते फक्त. परदेशाला पत्रं गेली, पण त्यांच्यानं दोन जिने काही उतरवले नाहीत.

मुलीच्या आईनं एकदा स्पष्ट विचारलं, "अहो, खाली पोरगी दिवसभर हेच करते. तिला विचारा की."

"तिचं काम पंपांचं," बाबा म्हणाले. "धसमुसळं. हे नाजूक आहे."

मुलगी तेव्हा जेवायला वर आलेली, दारात चप्पल काढत होती. तिनं ऐकलं. ती आत आली, जेवली, आमटी छान झालीय म्हणाली आणि खाली गेली. मला मात्र त्या टेबलावर पडल्या पडल्या वाटलं की आत्ता सुरू व्हावं आणि बाबांची वही कापसासारखी पिंजून काढावी.

दुसऱ्या दिवशी बाबा पोस्टात गेले असताना आईनं मला भांडी पुसायच्या फडक्यात घेतलं आणि खाली नेऊन मुलीच्या टेबलावर ठेवलं. "मी काही दिलं नाही आणि तू काही घेतलं नाहीस," ती म्हणाली आणि आली तशी गेली.

मुलीनं आधी मला धुतलं. नळीतली पेस्ट बारीक तारेनं टोकरून काढली. मग तिनं टोपी हातात घेतली, जुन्या कड्याकडे एकदा पाहिलं आणि ते सरळ केराच्या डब्यात टाकलं. "याला विचारून काय उपयोग," ती स्वतःशीच म्हणाली. "खाचेला विचारायचं." तिनं खाचेची खोली मोजली, रुंदी मोजली, सिलिंडरचा आतला व्यास मोजला. मग चार जातींच्या रबराचे चार तुकडे कापून मापं लिहिली आणि बाटलीभर माझ्या इंधनात बुडवून ठेवले. आठ दिवस! पहिला तुकडा फुगला. दुसरा लिबलिबीत झाला. तिसऱ्याचा रंग सुटला. चौथा आठ दिवसांनी मोजला तेव्हा जसा होता तसाच. मग तिनं त्या रबराची चकती दोन लाकडी तुकड्यांत दाबून लेथवर चढवली, पातं साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि एक कडं कापलं. तिचे हात तेव्हाही हलले नाहीत. धसमुसळं म्हणे!

त्या आठ दिवसांत बाबांना कळलं नव्हतं असं समजू नका. मी जागेवर नाही हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी दिसलं. पण त्यांनी शोधाशोध केली नाही. मुलीनं हे नंतर हसत हसत आपल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. जेवताना ती समोर बसलेली, आणि बाबा बायकोला म्हणाले, "तिला विचार, झालं का." आईनं तिला विचारलं. ती म्हणाली, "सांग त्यांना, परवा." मधे एक पाण्याचा तांब्या, बस, एवढंच अंतर.

मैदानावरचा दिवस उजाडला. मुलीनं विमानाची शेपूट धरली. बाबांनी पंखा मारला आणि तिसऱ्या फटक्याला मी पेटलो. काय सांगू तुम्हाला! बावीस वर्षांची घुसमट धुरातून बाहेर काढली मी. म्हातारी मंडळी कानावर हात ठेवून हसत होती. मिशाळ मित्राच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. तो माझ्याजवळ वाकून, बाबांच्या कानाशी ओरडला, "सील कुठून आणलंत? माझी दोन इंजिनं त्याच्यासाठीच अडलीत!"

मुलगी गुडघ्यावर बसलेली, शेपूट धरून. तिनं मान वर केली.

बाबा म्हणाले, "मिळालं एका ठिकाणी."

मुलीनं एका हातानं शेपूट धरली आणि दुसऱ्या हातानं माझी इंधनाची नळी चिमटीत दाबली. मी दोनदा खोकलो आणि थांबलो. एवढ्या राजीखुशीनं मी कधीच थांबलो नव्हतो. मैदानावर एकदम शांतता झाली.

"मी केलंय," ती मित्राला म्हणाली. "काका, तुमची दोन्ही घेऊन या. आणि बाबा, पुढचं सील लागलं ना, तर त्या एका ठिकाणी जाऊन आणा."

ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि घरी निघून गेली. विमानाची शेपूट त्या दिवशी मिशाळ काकांनी धरली आणि ते पहिल्याच फेरीत वाकडं गेलं.

तुम्हाला वाटेल, बाबा तेव्हाच शहाणे झाले असतील. छे! ते घुश्शातच मला रोज गॅलरीत चालवू लागले. एक दिवस डोक्यावरचा स्क्रू इतका पिळला की कडं फाटलं. मग मला हातात घेऊन ते खुर्चीत बसून राहिले. वही उघडली, मिटली. व्हर्नियर काढलं, पण मोजायला कडंच उरलं नव्हतं.

आज सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला खिशात टाकलं आणि दोन जिने उतरले. सध्या मी त्या खिशात आहे. आम्ही वर्कशॉपच्या दाराशी उभे आहोत. पुढे डेअरीचा मेकॅनिक आहे, त्याच्यापुढे रंगाच्या कारखान्याचा माणूस. बाबा दहा मिनिटं दाराच्या चौकटीला हात लावून उभे आहेत आणि त्यांच्या छातीची धडधड माझ्या अंगावर आदळतेय. अहो बाबा, तोंड उघडा की! खातं चालवलंत, दुकानदारांना घाम फोडलात, आणि पोटच्या पोरीपुढे वाचा बसली? माझी एवढी एकच विनंती आहे तुम्हाला. मला पुन्हा डब्यात घातलंत तरी चालेल, पण आज बोला.

"अगं," बाबा शेवटी म्हणाले. "सील फाटलं. माझ्याकडून जास्त पिळलं गेलं. तू करून देशील का?"

लेथ थांबलं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, बाबांकडे पाहिलं, मग त्यांच्या पुढच्या दोघांकडे.

"देईन," ती म्हणाली. "रांगेत थांबा."

डेअरीचा मेकॅनिक गडबडीनं बाजूला व्हायला लागला, म्हणाला, "या ना साहेब, तुम्ही आधी." बाबांनी नको म्हणून मान हलवली आणि ते त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.