मापाची वाटी

मी वाटी बोलतेय. स्टीलची, आमटीच्या वाटीहून थोडी रुंद. तुमच्या मांडणीवर ठेवली तर चार वाट्यांत ओळखूसुद्धा यायची नाही. पण माझ्या पोटात एक रेघ कोरलीय आणि बाहेरून नंबर ठोकलाय. त्या रेघेनं माझं नशीब वेगळं झालं बघा. सरकारची माणसं घरोघर जाऊन विचारतात ना, काय खाता, किती खाता, पोराचं वजन किती, त्या पाहणीतली मी. मला म्हणतात मापाची वाटी.

माझ्याबरोबर जन्मलेल्या वाट्या कुठल्या कुठल्या घरी गेल्या असतील. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून, कुणाच्या बाळाला उष्टावणाला. त्यांच्यात आमरस पडला असेल, ताक पडलं असेल. मी गेले कापडी पिशवीत. पिशवीत माझ्या जोडीला एक मोठी वाटी, एक लहान वाटी आणि दोन चमचे. आम्ही एकमेकींत बसायचो, आणि पिशवी खांद्यावर चढली की खुळखुळायचो.

खांदा नलूताईचा. नलूताई सफाळ्याची, पाहणीचं काम करणारी. चालणं झपाझप, आवाज मोठा. दारात उभी राहिली की आधी पाणी मागायची, मग बसायची, मग आम्हाला काढायची. "यातली कुठली वाटी? या रेघेपर्यंत भरून, का कमी?" समोरची बाई मला हातात घ्यायची, फिरवून बघायची, बोटानं वाजवायची आणि परत द्यायची. इतक्या घरांत गेले, इतक्या बायकांच्या हातांची ऊब मला ठाऊक. पण माझ्यात एक घास कुणी खाल्ला नाही. तसा नियमच होता. मापाच्या वाटीत खायचं नाही.

माणसं खाण्याबद्दल कशी बोलतात, ते मात्र मला विचारा. बोईसरला कारखान्यात काम करणाऱ्यांच्या खोल्या आहेत, ओळीनं. तिथं झुंबर म्हणून एक बाई होती, मराठवाड्यातून आलेली. नवरा रात्रपाळी करून पडद्यामागं झोपलेला. नलूताईनं विचारलं, "मिस्टरांनी काल काय काय खाल्लं?"

"ते कंपनीत जेवतात, मला काय ठाऊक? आमच्या सासूबाईंना विचारा. गावाला बसून माझ्या ताटातले घास सांगतील."

पडद्यामागून आवाज आला, "आईचं नाव काढू नको."

"झोपलाय ना तुम्ही? मग झोपा की!"

तारापूरच्या कॉलनीत एक बाई म्हणाल्या, साखर आम्ही कधीच बंद केली. त्यांची लेक मागून म्हणाली, "आई, कालची जिलेबी?" बाईंनी तिला आत पाठवलं आणि मला रिकामीच परत दिली. ज्याच्या घरी भरपूर, तो कमी सांगतो. ज्याच्या घरी कमी, तो रेघेपर्यंत भरून दाखवतो. मला कळायचं. पण वाटीला कोण विचारतं?

आता ज्यासाठी बोलायला बसले, ते सांगते.

बोईसरच्या पूर्वेला डोंगराकडं एक पाडा आहे. कुडाची घरं, उतारावर भाताचे तुकडे. तिथं बायडी म्हणून एक तरणी बाई, तिची सासू ठकी आणि बायडीची लेक स्नेहा. स्नेहा तेव्हा भिंतीला धरून उभी राहायला लागलेली. भादव्याचे दिवस होते. जुना तांदूळ संपलेला, नवा अजून शेतात, रेशनचा आलेला नव्हता. नलूताईनं विचारलं, "काल पोरगी काय जेवली?"

बायडी म्हणाली, "काय नाय जेवली."

"सकाळी?"

"नाय."

"रात्री?"

"नाय गे ताई, काय नाय जेवली."

नलूताईनं कागदावर तसंच भरून टाकलं. काही खाल्लंच नाही म्हटल्यावर मापाचं काय काम? मी पिशवीतून बाहेरसुद्धा आले नाही.

त्याचं पुढं असं झालं, की कुठून तरी एक साहेब पाड्यावर आला आणि सगळ्यांसमोर बायडीला बोलला. पोरीला उपाशी ठेवतेस, आई आहेस का कोण? साहेब निघून गेला. बोल मात्र पाड्यावरच राहिला.

काही महिन्यांनी वरून ठरलं, की पाहणी नव्यानं बांधायची. जुने प्रश्न फार लांब, बायका कंटाळतात, चुलीवरचं उतू जातं. त्या कामाला दीपा मॅडम आल्या. बारीक चणीच्या, ऐकताना मान तिरकी करणाऱ्या. त्यांनी प्रश्न कमी केले, कागद जाऊन टॅबलेट आला. आणि वाट्यांच्या जागी वाट्यांचे फोटो.

फोटो माझेच काढले. पालघरच्या एका खोलीत टेबलावर पांढरं कापड घातलं, दिवे लावले आणि माझ्यात भात भरला. वाफाळलेला, गरम. रेघेपर्यंत, मग अर्धा, मग चतकोर. मग डाळ. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं अन्न. मी वाट बघत होते, आता कुणी बोट बुडवेल. दिव्यांखाली भात कोरडा पडला. मॅडमनी विचारलं, "कुणी खाणार का हे?" सगळे डबे आणून बसलेले. भात बाहेर कावळ्यांना गेला आणि मी नळाखाली.

नव्या प्रश्नांची चाचणी घ्यायला मॅडम आणि नलूताई त्याच पाड्यावर गेल्या. पुन्हा भादवाच. मी आता कामाची नव्हते, पण नलूताईच्या खांद्याला पिशवीची सवय, म्हणून तिनं मला घेतलेलं. स्नेहा आता अंगणभर पळत होती. हातापायानं काटकुळी, पण डोळे चळवळे.

मॅडमनी टॅबलेट पुढं केला. ठकीनं डोळे बारीक केले. "ही वाटी का चिंचोका?"

मॅडमनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"आता परात झाली! घडीत चिंचोका, घडीत परात. कशाला हा म्हनू?"

मॅडमना हसू आलं. "खरंय आजी. बरं, बायडी, काल स्नेहा काय काय जेवली?"

बायडी घडाघडा बोलायला लागली. "भात, डाल, अंडा, दूध, केला, सफरचंद."

"सफरचंद?" ठकी म्हणाली. "कुठल्या झाडाला लागला गे? मना नाय दिसला."

"तुमी गप रहा, आये."

नलूताईनं विचारलं, "बायडी, खरं सांग की."

"खरा?" बायडीचा आवाज चढला. "मागल्या खेपेला खरा सांगला, तवा साहेब माज्या दारात वराडला. हिरीवर गेली का बाया अजून बोलतात, ही बघा, पोरीला उपाशी ठेवनारी आली. आता मी भातच सांगनार. लिवा भात!"

"पण तूच म्हणालीस ना तेव्हा, काय नाय जेवली?"

"मंग? तांदूल होता कुठं घरात? भात नाय तं जेवन कुठचा?"

मॅडमची मान तिरकी झाली. "म्हणजे भात नसेल तर ते जेवण नाही?"

"नाय."

"मग त्या दिवशी स्नेहानं काय खाल्लं होतं?"

"खाल्ला ना! आंबील पिली. चिंबोरी खाल्ली, तिचा बाप वहालातून आनायचा. काकडी खाल्ली. शेजारनीनं भाकर दिली ती पन खाल्ली. पोर खाल्ल्याबिगर ऱ्हाईल?"

नलूताई पदराचं टोक पिळत बसली.

ठकी उठली. तिनं नलूताईच्या पिशवीत हात घातला, मला काढलं आणि चुलीकडं नेलं.

"आजी, ती मापाची आहे, तिच्यात खायचं नसतं," नलूताई म्हणाली.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या.

ठकीनं माझ्यात नागलीची आंबील ओतली. कोमट, आंबूस, वर मिठाचा खडा. स्नेहा दोन्ही हातांनी मला धरून प्यायली. तिचे दात माझ्या काठाला लागले, टकटक. बाई, काय सांगू तुम्हाला! तळाचं संपल्यावर तिनं बोट फिरवून मला पुसून काढलं आणि "आजून" म्हणाली. दुसऱ्यांदा अर्धी भरली, तीही संपवली.

मॅडमनी तिथंच टॅबलेटमधला शब्द बदलला. "जेवली का" काढून टाकलं. "काल उठल्यापासून तोंडात काय काय गेलं," असं घातलं.

बायडी पुढं सरकून बसली. "आता नीट लिवा. मी पोरीला खायला घालते, ता लिवा. माजा नाव सुदरा."

मॅडमनी टॅबलेट खाली ठेवला. "बायडी, ही नुसती चाचणी आहे गं. आजचं कुठं धरत नाहीत. खरी पाहणी दिवाळीनंतर, थंडीत. तुझं घर त्यात आहे. आम्ही येऊ, तेव्हा हेच सांग. तेच पुढं जाईल."

बायडीनं ठकीकडं बघितलं. ठकीनं चुलीकडं बघितलं. मग बायडी म्हणाली, "हा, या."

निघताना नलूताईनं मला पिशवीत टाकलं नाही. "आता फोटो आले, हिला कोण विचारतंय. स्नेहाला असू दे," म्हणाली. मॅडमनी मान हलवली.

मग काही दिवस मी वाटी होते. खरीखुरी. नवा भात माझ्यात पडला, जवळ्याचं कालवण पडलं, एकदा तर स्नेहानं माझ्यात बेडकाचं पिल्लू ठेवलं आणि ठकीनं मला राखेनं तीनदा घासलं. मला वाटलं, आता हेच माझं घर.

दिवाळी झाली. भात झोडून झाला. एका सकाळी गाठोडी बांधायला लागले. टोप, तवा, घोंगडी, कोंबडी. पाड्यावरची बरीचशी घरं अशीच वीटभट्टीवर जातात, तिकडं भिवंडीच्या बाजूला. दर वर्षी जातात. स्नेहानं मला छातीशी धरलं होतं. ठकीनं तिच्या हातातून मला सोडवलं.

"हिच्यावर सरकारचा नंबर हाय. भट्टीवर हरवली तं नलूताईला बोल लागंल. घरात राहू दे."

फडक्यात गुंडाळून मला वर कुडाच्या खाचेत ठेवलं. दाराची कडी लावली, कडीला दोरी बांधली. स्नेहाचं रडणं उतारावरून खाली गेलं, मग ऐकू येईना.

आणि माघात त्या दोघी आल्या.

मी आवाज ओळखला. "बायडी! ए बायडी! आलो गं आम्ही!" नलूताईच. मागं मॅडमची पावलं. शेजारचा म्हातारा चिंतू खोकत बाहेर आला.

"भट्टीवर गेली ती. पाऊस पडला का येतील."

"पण ती 'हा, या' म्हणाली होती!" नलूताई म्हणाली.

"मंग काय म्हनंल? पाव्हना येतो म्हनला तं त्याला नको येव म्हनायचा?"

मॅडमचा आवाज अगदी दाराशी आला. "आपण विचारलंच नाही, नलूताई. ती तेव्हा असेल का, एवढं विचारलं नाही." कडी जरा किणकिणली, दोरीच्या गाठीवर हात ठेवला असावा त्यांनी. मला वाटलं, ओरडावं. स्नेहा रेघेपर्यंत भरून पिते आणि वर अर्धी मागते, हे मला ठाऊक आहे, माझं धरा. पण मी वाटी. मला कुणी वाजवलं तरच माझा आवाज.

आणखी एकदा येऊन गेल्या. तेव्हा दारावर खडूची करकर ऐकली. "घर बंद," नलूताईनं लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं. म्हणजे आता स्नेहा उपाशीही नाही आणि जेवलेलीही नाही. पाहणीत ती नाहीच. आणि बायडीच्या नावाला लागलेलं तसंच राहिलं.

मी इथं खाचेत आहे. फडक्याला वाळवी लागतेय. माझ्यात कुडाची माती झडते, ती रेघेच्या बरीच खाली आहे अजून. तिकडं भट्टीवर स्नेहा कशात खात असेल, किती खात असेल, ते मापायला कुणी नाही.

नवी पाहणी बांधणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, माझे फोटो घेऊन फिरता, त्याचं मला वाईट वाटत नाही. शब्द सुधारलात, ते चांगलं केलंत. पण पुढच्या खेपेला चूल पेटलेली असताना या. आणि पाड्यावरची बाई "हा, या" म्हणाली, की लगेच पिशवी उचलू नका. अजून थोडं पाणी मागा, बसा, आणि तिला विचारा, तेव्हा तू कुठं असशील?