उल्काचा पालक

शशिधरने ब्रिस्टलला दुसरा संसार मांडला, ते साल एक्क्याण्णव. नवी सून ईवा, मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या यहुदी घरातली, लंडनला वाढलेली. हौसाबाईंना ती पहिल्या भेटीतच आवडली, कारण पाया पडायचं नाटक न करता तिने सरळ विचारलं, "चहा टाकू का?" लग्नाचं जेवण उरकल्यावर हौसाबाईंनी पिशवी उचलली, बारा वर्षांच्या नातीचा हात धरला आणि घराकडे जाणाऱ्या बसमध्ये जाऊन बसल्या.

"उल्का माझ्यापाशी राहील," एवढंच त्या मुलाला म्हणाल्या.

शशिधरने मान डोलावली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. उल्काची आई सुमेधा गेली तेव्हापासून पोरगी आजीच्या हाताखाली वाढली होती. कॉव्हेंट्रीतली त्याची फॅक्टरी बंद पडल्यावर शशिधरला ब्रिस्टलला विमानाच्या कामात नोकरी लागली, आणि तो शनिवारी येऊन रविवारी जाणारा पाहुणा झाला होता. पोरीचे दात कधी पडले, चष्मा कधी लागला, हे त्याला आल्यावर कळायचं.

आजी-नात राहायच्या ते कॉव्हेंट्रीपलीकडचं एक छोटं शहर. उल्काची शाळा घरापासून जवळ. शाळा मुळात लहान बांधलेली. मग शेजारची एक शाळा बंद झाली, तिकडची सगळी पोरं इकडे आणून भरली, आणि इमारत होती तेवढीच राहिली. खेळायच्या मैदानावर लाकडी खोल्या आणून ठेवल्या. त्यांना सगळे 'हट' म्हणत. तात्पुरत्या म्हणून आणलेल्या त्या हटमध्ये शिकून गेलेल्या पोरांची आता लग्नं व्हायला लागली होती.

पेरेंट्स इव्हिनिंगला हौसाबाई गेल्या तेव्हा हटची फळी त्यांच्या पायाखाली दबली. भिंतीला बुरशी, छताखाली बादली. उल्का तिथे अंगातला कोट न काढता गणितं करायची आणि रात्रभर खोकायची.

"त्या विटांच्या शाळेत का बसवत नाहीत गं तुम्हाला?"

"आजी, जागा नाही."

हौसाबाई तिथेच थांबल्या. हे त्यांनी आधी ऐकलं होतं. कऱ्हाडजवळच्या त्यांच्या गावात शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. लहानगी हौसा पाटी घेऊन गेली, तर मास्तर वर न बघता म्हणाले, "पोरींना जागा नाही." ती पाटी पुढे घरात दिवा ठेवायच्या कामी आली.

अक्षर शिकल्या त्या पन्नाशीत, इथे इंग्लंडात. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून आल्या होत्या. सुमेधा तान्ह्या उल्काला मांडीवर घ्यायची आणि सासूला समोर गिरवायला बसवायची.

"आई, आता काना. बालक. पालक."

"पालक म्हणजे भाजी?"

"भाजी पण, आणि पाळणारा माणूस पण. म्हणजे मी. म्हणजे तुम्ही."

चुकलं की सुमेधा लाल पेन्सिलीने फुली मारायची. सासूची भीड तिने कधी ठेवली नाही, आणि म्हणूनच सासू शिकली.

त्या हिवाळ्यात शाळेचं मतदान ठरलं. शाळेने स्थानिक कौन्सिलच्या हाताखालून निघून थेट सरकारकडून पैसे घ्यावेत का, हे पालकांनी मत देऊन ठरवायचं होतं. 'यस' झालं तर पक्क्या इमारतीसाठी पैसे मागता येणार होते. कौन्सिलच्या बाजूचा एक माणूस दारोदार पत्रकं वाटत आला. एक शाळा अशी निघून गेली तर बाकीच्या शाळांच्या वाट्याला कमी येईल, असं तो म्हणाला. हौसाबाईंना ते खोटं वाटलं नाही. बाकीच्या शाळांतही कुणाच्या तरी नाती होत्या. पण त्यांनी एकच विचारलं, "हट कधी जाणार?"

"व्हेन फंड्स अलाव," तो म्हणाला.

हौसाबाईंनी दार लावलं.

मग मतदानाची पत्रं घरोघर आली. शेजारच्या पंजाबी बाईकडे, सुरिंदरकडे आली, समोरच्या आयरिश बाईकडे आली. हौसाबाईंकडे आलं नाही. रविवारी शशिधरचा फोन आला.

"आई, शाळेचं पत्र इकडे ब्रिस्टलला आलंय. मतपत्रिका आली की मी 'यस'वर खूण करून टाकतो. झालं ना तुझ्या मनासारखं?"

"ते तुझं मत झालं. माझं कुठाय?"

"अगं, एकच ना ते!"

"एक कसं? तू हट पाहिलीस?"

शशिधरने ती पाहिली नव्हती.

"तुझं तू दे. पटेल तिकडे दे. मला माझं पाहिजे."

"आई, ते फक्त पेरेंट्सना असतं. आजीला नसतं."

"बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोनच दिवसांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. समोर टेबलाशी हेडमास्तर मिस्टर व्हिटलॉक, शेजारी ऑफिसच्या सेक्रेटरी मिसेस प्यू. पंजाबी लोकांसाठी शाळेने सुरिंदरलाच दुभाषी म्हणून उभं केलं होतं. तिचं आणि हौसाबाईंचं कुंपणावरून रोज हिंदीतच बोलणं चाले. हौसाबाई उल्काला घेऊन मधल्या रांगेत बसल्या होत्या. प्रश्न विचारायची वेळ आली तसा त्यांनी हात वर केला आणि उठून उभ्या राहिल्या.

"सुरिंदर, इनको बोल, मेरा कागज नहीं आया."

सुरिंदरने सांगितलं. व्हिटलॉकने चष्म्यावरून पाहिलं. "आर यू द मदर?"

"ग्रँडमदर," उल्का खालमानेने म्हणाली.

"आह. आय'म अफ्रेड इट्स पेरेंट्स ओन्ली."

"आंटीजी, कह रहे हैं, सिर्फ माँ-बाप," सुरिंदर म्हणाली.

हौसाबाईंना सुमेधाचा शब्द आठवला. नेमका, हवा तसा शब्द. छाती पुढे काढून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मैं इसकी पालक हूँ!"

सुरिंदरने तोंडावर ओढणी धरली, पण हसू तिच्या बोटांतून सुटलं. पाठोपाठ हॉलचा अख्खा पंजाबी अर्धा भाग फुटला. कुणीतरी मागून ओरडलं, "पनीर किधर है, आंटी?" गोरे लोक एकमेकांकडे बघायला लागले. व्हिटलॉकने विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

सुरिंदर डोळे पुसत म्हणाली, "शी सेज शी इज द गर्ल्स स्पिनच."

मग उरलेला अर्धा हॉलही हसला.

उल्काच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिच्या मराठीत बाया पुरुष व्हायच्या आणि पुरुष बाया. आजीचा पदर ओढत ती कुजबुजली, "आजी, बस ना! सगळी लोक हसतोय."

"हसू दे. तू उभी राहा."

"मी?"

"तू. सुरिंदरला जमायचं नाही ते. मी मराठीत सांगते, तू इंग्लिशमध्ये सांग. जसंच्या तसं. त्यांना सांग, हो, पालकच आहे मी. बुंध्यापासून कापला तरी परत फुटतो."

उल्का उठली. "शी सेज, यस, शी इज स्पिनच. यू कॅन कट इट डाउन अँड इट ग्रोज बॅक."

हसणं बारीक झालं.

"आता विचार, तुला शाळेत ताप भरतो तेव्हा यांचा फोन कुणाला जातो? ब्रिस्टलला?"

उल्काने विचारलं. मिसेस प्यू समोरचे कागद नीट करायला लागल्या. फोन त्याच करायच्या, आणि तो या बाईंनाच करायच्या.

"वी'ल लुक इन्टू इट," व्हिटलॉक म्हणाले.

एवढ्या वर्षांत हौसाबाईंना ते वाक्य चांगलं ठाऊक झालं होतं. त्याचा अर्थ, आता घरी जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिल्या बसने कॉव्हेंट्रीला गेल्या, फोलशिल रोडच्या दुकानातून पालकाच्या जुड्या पिशवीभर घेतल्या आणि तडक शाळेच्या ऑफिसात आल्या. भिंतीशी खुर्च्या होत्या. एकीवर बसल्या, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पालक निवडायला घेतला. देठ एकीकडे, पानं एकीकडे. माती खाली कार्पेटवर.

"मिसेस निकम," मिसेस प्यू काचेपलीकडून म्हणाल्या, "यू कान्ट डू दॅट हिअर."

"आय स्पिनच," हौसाबाई म्हणाल्या. "धिस ऑल्सो स्पिनच. नो प्रॉब्लेम."

शाळा सुटेपर्यंत त्या तिथे होत्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. मधल्या सुट्टीत पोरं काचेला नाक लावून बघायला लागली. उल्का पहिल्या दिवशी तोंड लपवून मागच्या दाराने गेली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली आणि दप्तर ठेवून म्हणाली, "आजी, मला पण एक जुडी दे."

तिसऱ्या दिवशी सुरिंदर आली. दारात घुटमळत म्हणाली, "आंटीजी, उस दिन मैं..."

"हँसी तो हँसी. शब्दच तसा आहे मेला. बैठ, डंठल तोड."

सुरिंदर बसली. दुपारी समोरची आयरिश बाई धाकट्याची जेवणाची पेटी द्यायला आली होती, तीही काय चाललंय ते विचारून बसली. तिला निवडता येत नव्हतं, ती पानं फेकून देठ ठेवत होती. हौसाबाईंनी तिला तसंच करू दिलं. मिसेस प्यूंच्या ऑफिसात आता एकही खुर्ची मोकळी नव्हती. दोन पालक भेटायला आले, ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"देअर'ज नो रूम!" मिसेस प्यू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

हौसाबाईंनी उल्काकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"म्हणतात, जागा नाही."

"त्यांना म्हणावं, हटमध्ये जाऊन बसा."

संध्याकाळी व्हिटलॉक स्वतः बाहेर आले. मतदान घेणाऱ्या लोकांना त्यांनी फोन केला होता. उभ्यानेच बोलायला लागले, मग काय वाटलं कोण जाणे, हौसाबाईंच्या समोर उकिडवे बसले. उल्का सांगत गेली. कायद्यात 'पेरेंट'मध्ये मूल ज्याच्या सांभाळात आहे तो माणूसही धरतात. आई असो, नसो. नाव घालून घेतील.

"सो इट अपीअर्स, मिसेस निकम, दॅट यू आर अ पेरेंट."

"हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं," हौसाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही हसलात."

उल्काने तेही इंग्लिशमध्ये सांगितलं. काही गाळलं नाही. व्हिटलॉक म्हणाले, "वी डिड. आय'म सॉरी." जाताना हौसाबाईंनी निवडलेल्या पालकाची एक पिशवी मिसेस प्यूंच्या टेबलावर ठेवली. "नो बॉइल. फ्राय. गार्लिक."

मतपत्रिका आली ती त्यांच्याच नावाची. उल्काने पेन पुढे केलं. "आजी, 'यस'समोर फुली मार."

"फुली? फुली चुकलं की मारतात."

"इथे जे हवं त्याच्यावर मारतात."

"तुझी आई असती तर हसली असती," म्हणत हौसाबाईंनी जीभ दातांत धरून फुली मारली. सावकाश, दोन्ही रेघा सारख्या. टपालपेटीत टाकायला पाकीट उल्काकडे दिलं नाही. स्वतः गेल्या.

'यस' झालं. बऱ्याच फरकाने झालं. शशिधरचा फोन आला. "आई, एवढा आटापिटा केलास. तुझं एक मत नसतं तरी चाललं असतं."

"शाळेला चाललं असतं. मला नसतं चाललं."

तो म्हणाला, "शनिवारी येतो. हट दाखव मला." आणि खरंच आला. ईवालाही घेऊन आला. फळीवर पाय पडताच ती म्हणाली, "अगं बाई!" शशिधर बादलीकडे बघत नुसता उभा राहिला. बघतोय तर बघू दे, म्हणून हौसाबाई दार धरून उभ्या राहिल्या.

इमारत व्हायला वेळ लागला. उल्का शेवटच्या वर्गांत पोचली तेव्हा हट लॉरीवर चढवून नेल्या. हौसाबाई कुंपणाशी उभ्या राहून शेवटची लॉरी वळेपर्यंत बघत होत्या. उद्घाटनाला भाषणं झाली, सँडविच झाली. मग सगळे चहाला गेल्यावर त्या एका नव्या वर्गात शिरल्या. रंगाचा वास होता. पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसल्या, दोन्ही हात समोर ठेवून, फळ्याकडे तोंड करून.

केअरटेकर दार लावायला आला. उल्का दारात उभी होती.

"आजी, चल ना. बंद करतात."

"करू देत. त्यांना सांग, अजून बसायचंय मला."

"हू इज शी?" केअरटेकरने विचारलं.

उल्का मराठीतच म्हणाली, "ती माझा पालक आहे." मग त्याला इंग्लिशमध्ये म्हणाली, "शी'ज नॉट फिनिश्ड." तो किल्ली घेऊन व्हरांड्यात थांबला.

हौसाबाई निकम १९९७ साली, मे महिन्याच्या सहा तारखेला, आपल्या घरीच वारल्या. उल्का जवळ होती.