डाव्या हाताची परवानगी

आमच्या घरात मोठ्यांपुढे डावा हात करण्याची रीत नाही. नातवंडांना ती शिस्त मी स्वतः लावली आहे. म्हणूनच कामरगावच्या शाळेत माझी नात नमरा गाइड झाली, त्या दीक्षाविधीत पेच उभा राहिला. प्रतिज्ञा उत्तम झाली. गाइड कॅप्टन वैजयंतीबाईंनी तिच्या गळ्यात स्कार्फ घातला आणि हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे केला. नमराने उजवा दिला.

मुली खुदखुदल्या. "डावाच द्या लागते, नाही तं बिल्ला भेटत नाही!" एकीने बजावले. त्या बिल्ल्यासाठी वर्षभर झटलेली नमरा रडवेली झाली, पण हात बदलेना. ती माझ्याकडे पाहत राहिली.

वैजयंतीबाईंनी मुलींना गप्प केले आणि त्या थेट माझ्यापाशी आल्या.

"दादी, पयले लढनाऱ्याच्या डाव्या हातात ढाल राहे म्हनतात. भरवसा असला, तं मानूस ढाल खाली ठेवून तोच हात दे. म्हनून आमची ही रीत. पन तुमची मर्जी नसन, तं मी पोरीले जबरदस्ती नाही करनार."

"अन् बिल्ला?"

"तो तिनं कमावला. तो तं मी लावीनच."

मला माणसे पारखता येतात. "नमरा, दे डावा हात," मी फर्मावले. "पन घरी पाहुन्याले त्या हातानं पानी देल्लं, तं पाह्य मंग!"

सगळ्या हसल्या. नमराने हात दिला. घरची शिस्त मोडल्याची टोचणी न लागता माझी नात गाइड झाली, ती वैजयंतीबाईंमुळे. दुआ मागताना मी आता त्यांचेही नाव घेते.