पाठीमागची ओल

मी गालिचा बोलतोय. सध्या मला गुंडाळून मागच्या गॅलरीत उभं केलंय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या.

दोघी जावांनी मिळून मला मागावर विणलं. धाकटी नक्षी वाचून दाखवायची, थोरली गाठी मारायची. "तीन लाल, एक निळी... अहो ताई, निळी म्हटलं ना!" हे ऐकत मी वीत-वीत वाढलो.

मग या घरात आलो. घरात माणसं दोनच, नवरा-बायको. बाई गाणं शिकवायच्या. संध्याकाळी सहा-सात मुली माझ्यावर मांडी घालून बसायच्या. काका टपाल कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांना घर खायला उठलं. त्यांनी काचेची टाकी आणली, आठ मासे सोडले आणि ती नेमकी माझ्या कडेवर मांडली.

"अहो, गालिच्यावर कशाला? पाणी सांडल्याशिवाय राहणारे का?" बाई म्हणाल्या.

"एक थेंब सांडला तर टाकी देऊन टाकीन!"

हा शब्दच पुढे नडला.

पहिल्याच महिन्यात पाणी बदलताना नळी बादलीतून निसटली आणि अर्धी बादली माझ्यावर ओतली गेली. बाई बाजारात गेल्या होत्या. काकांनी टॉवेलने मला खसाखसा घासलं. पाणी वर येण्याऐवजी आणखी खोल गेलं. पंख्याखाली मी वरवर सुकलो. डागावर त्यांनी सोफा ओढला.

"सोफा का हलवला?"

"डोळ्यांवर ऊन येत होतं गं."

पुढे दर आठवड्याला काही ना काही सांडायचंच. टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाच्या वायरवरून तर दिवसभर थेंब ओघळायचे. मी सगळं पोटात घेतलं. वरून लालबुंद आणि पाठीला काळी बुरशी, अशी माझी गत झाली.

बाई खोकू लागल्या. मग धाप लागू लागली. औषधं बदलून झाली. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "घरात कुठे ओल आहे का?"

"छे, कुठली ओल!" काका चटकन म्हणाले. घरी आल्यावर ते बराच वेळ सोफ्याकडे बघत बसले, पण उठले नाहीत. खरं मला ठाऊक होतं, पण माणसांशी मला बोलता येत नव्हतं.

वरचा सूर लागेनासा झाला, तेव्हा बाई मुलींना म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका गं. आता नाही जमत मला."

महिन्याभराने लेक आली. झाडताना तिने सोफा सरकवला, माझी कड उचलली आणि नाकावर हात धरला. "बाबा, हे काय?"

काका म्हणाले, "मीच सांडत होतो. टाकी जाईल म्हणून बोललो नाही."

बाईंनी वाकून माझी काळी पाठ पाहिली. मग म्हणाल्या, "अहो, मी काय खरंच मासे द्यायला लावले असते?"

लेक बाईंना आपल्याकडे घेऊन गेली. तिथे धाप कमी झालीय म्हणे, पण वरचा सूर काही परत आलेला नाही. मुली आता दुसऱ्या बाईंकडे गाणं शिकतात. टाकी आता स्वयंपाकघरात फरशीवर आहे. खाली पसरट ट्रे आहे, पाणी काठापासून चार बोटं कमी असतं, नळी चिमट्याने बादलीला पक्की केलेली असते. वायरला खाली झोळ दिलाय, थेंब ट्रेमध्येच पडतात. एवढं सगळं काकांना जमण्यासारखं होतं. फक्त फार उशिरा जमलं.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला घासू नका. कोरड्या कापडाने दाबून दाबून पाणी टिपा. कड उचलून पाठ बघा, दोन्ही अंगांनी वाळू द्या. आणि घरच्या माणसाला त्याच दिवशी सांगा.

उद्या कचऱ्याची गाडी येईल. परवा बाई येणार आहेत. दिवाणखान्यात आता नुसती फरशी आहे. काकांनी सकाळपासून ती तीनदा पुसली, आणि मग फडकं हातात घेऊन तिथेच बसून राहिले.