खांद्याला हळद लागलेली लॉरी

मित्रांनो, माझ्या हौद्यात बाभूळ उगवली आहे आणि पुढच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात, तरी मला एकदम भंगार म्हणू नका. मी एक जुनी लॉरी आहे. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. आज तुम्ही जिला पिकअप म्हणता, तिची मी पणजी लागते.

माझे भाग साता समुद्रापार घडले, मुंबईला जोडले गेले आणि मंगरूळपीरच्या पदमचंद शेटजींनी मला सरकी-पेंड वाहायला विकत आणले. तेव्हा तालुक्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माझा आवाज आला की बाया दारात येत आणि बैल दावी ओढत. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार तोरा होता.

मला चालवायचा आसेगावचा पुंजाजी. आधी तो बैलगाडी हाकायचा. पुढे जोडीतला एक बैल गेला, तेव्हा उरलेला चांद्या त्याने शेजारच्या इंद्रभानला दिला आणि मोटार शिकला. हात चांगला होता त्याचा. पण गावाने त्याला कधी माफ केलं नाही. अंगणातला बैल देऊन लोखंडाच्या मागे लागला, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. पोळ्याच्या दिवशी साऱ्या गावाची जनावरं सजून तोरणाखाली उभी राहत आणि पुंजाजी रिकाम्या दावणीपाशी बसून राही. त्याची म्हातारी माय तुळसाबाई त्या दिवशी चूलसुद्धा उशिरा पेटवायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला एक श्रावण आला आणि पुंजाजीने मनाशी ठरवलं, यंदा आपली लॉरी पोळ्यात उभी करायची. गावकऱ्यांनी हो-ना करत शेवटची जागा दिली. मग काय विचारता! अकोल्याच्या एका मोडीत निघालेल्या मोटारीची तारांची चाकं त्याने पैदा केली. दोन मोठे जादा दिवे आणले. कासाराकडून पितळी पट्ट्या घडवून माझ्या कडांना ठोकल्या आणि चाकांच्या मधोमध पितळी वाट्या बसवल्या. मी तर नवरीसारखी अंग चोरून उभी होते.

शेटजींनी या हौसेला परवानगी दिली, पण एक गोष्ट बजावून. पावसाळ्याचा चिखल ब्रेकमध्ये गेला होता. चाकं बदलशील तेव्हा ब्रेक धुऊन काढ, असं सांगून त्यांनी पेट्रोलची एक बाटली त्याच्या हाती दिली. त्या दिवसांत पेट्रोल चिठ्ठीवर मिळे. ती बाटली म्हणजे मोठी गोष्ट होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगणात माझी चाकं उतरली, ब्रेकचे गोल डबे उघडले गेले. पुंजाजी दिवे घासत बसला होता. त्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या बैलांच्या खांद्यांना कोमट तूप-हळद लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. तुळसाबाई वाटीत तूप-हळद आणि हातात पळसाचं पान घेऊन आली. चाक जिथे जोडतात तोच हिचा खांदा, असं तिने मानलं आणि चारही ब्रेकना मायेने तूप चोळलं.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ती मला म्हणाली.

मला आजवर कोणी जेवायला बोलावलं नव्हतं. माझा जीव सुखावला, हे कबूल करते.

पुंजाजीने ते पाहिलं. ब्रेकला तूप लागलं तर काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आईचं मन त्याच्याने मोडवेना. ती आत गेल्यावर ब्रेक पेट्रोलने धुवायचे, असं त्याने मनात आणलं असेल. बाटली उचलून पाहतो तर ती रिकामी होती. सगळं पेट्रोल त्याने पितळ आणि दिवे उजळायला वापरलं होतं. मग त्याने चिंधीने ब्रेक पुसले, चिंधी पिवळी झाली, आणि त्याने चाकं चढवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर मारुतीला नारळ फोडायला गेला. जाताना चढ होता, ब्रेकचं काम पडलं नाही. येताना उतार. खाली पोळ्याची रांग उभी होती, आणि शेवटी, अगदी माझ्या वाटेत, म्हातारा चांद्या झूल पांघरून उभा. त्याच्या कासऱ्याला धरून इंद्रभान.

पुंजाजीने ब्रेक दाबला. माझी चाकं फिरतच राहिली. त्याने पुन्हा दाबला, गिअर खाली ओढू पाहिला, तो नुसता करकरला. लोक ओरडत बाजूला झाले. चांद्या मात्र हलला नाही. ओळखीचा माणूस येतो आहे, एवढंच त्याला कळलं असावं. पुंजाजीने हातातलं चाक गरकन फिरवलं आणि मला कोंडवाड्याच्या दगडी भिंतीवर घातलं. माझी एक पितळी पट्टी चांद्याच्या झुलीला घासून गेली. दोन्ही नवे दिवे फुटले. पुंजाजीचा उजवा गुडघा गेला.

तुळसाबाई धावत आली. तिला माझ्या चाकावरचा पिवळा ओघळ दिसला आणि ती खालीच बसली. ही गोष्ट मंगरूळपीरला माणसांआधी पोचली.

शेटजी दुसऱ्या दिवशी आले. पुंजाजी बाजेवर पडला होता, माय उंबऱ्याआड उभी होती. तुझ्या आईने ब्रेकला तूप लावलं म्हणतात, ते खरं का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणून गप्प राहिला असता तर त्याची नोकरी वाचली असती. म्हातारीवर सगळं गेलं असतं.

"लावलं शेटजी," पुंजाजी म्हणाला. "पण तिले ब्रेक काय ठाऊक? मले ठाऊक होता. तुमची बाटली म्या दिव्याइले लावली."

शेटजी म्हणाले, गुडघा बरा झाला की ये, आणि ते दिवे पुन्हा नकोत.

पुढच्या वर्षीच्या खांदशेकणीला पुंजाजी लंगडत अंगणात आला. त्याने आधी ब्रेक धुतले, चाकं आवळली, मला हळू चालवून दोनदा थांबवून पाहिलं. मग मायला हाक मारली. वर्षभरात तिने मला हात लावला नव्हता. तिचा हात धरून त्याने माझ्या बॉनेटच्या डाव्या कडेवर ठेवला.

"इथं लाव माय. हाच तिचा खांदा."

तिने लावलं, आणि मला आवतन दिलं. त्यानंतर ती होती तोवर दर वर्षी.

आता माय नाही, पुंजाजी नाही, शेटजीही नाहीत. मित्रांनो, तुमच्या दाराशी सायकल असेल, मोटार असेल, तिला खुशाल सजवा. सजणं मलाही आवडायचं. फक्त आधी तिचे ब्रेक पाहा, आणि चूक झाली तर ती आपल्या अंगावर घ्यायला शिका. माझ्याकडे कधी आलात तर बॉनेटची डावी कड बघा. सारं अंग गंजानं खाल्लं आहे, पण वर्षानुवर्षं तूप मुरलेल्या त्या चार बोटं जागेला अजून गंज शिवलेला नाही.